पथ्य कोणी पाळायचे?

विद्यार्थी मित्रांनो, 'परहेज इलाज से बेहतर है' ही उर्दू म्हण तुम्ही घरी ऐकली असेल. परहेज म्हणजे मराठीत पथ्य. हे पथ्य कोणी पाळायचे? 'ज्याचे त्याने,' असे तुम्ही म्हणाल. पण एका देशात सरकार, शाळा, कारखानदार आणि शेतकरी या सर्वांनी मिळून ते पाळले. त्या देशाची ही हकीकत आहे.

युरोपच्या उत्तरेला फिनलंड हा थंड देश आहे. त्याच्या पूर्वेला, रशियाच्या सरहद्दीजवळ उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. 1970 च्या सुमारास तेथील अनेक कर्ते पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने मरण पावत. ही माणसे शेतात आणि जंगलात कष्ट करणारी होती. मग त्यांना हा रोग का जडावा? त्याचे मोठे कारण त्यांच्या ताटात होते. पावावर लोण्याचा जाड थर, सायीसकट दूध, चरबीदार मांस आणि भरपूर मीठ! भाज्या मात्र नावालाच. शिवाय धूम्रपानाची सवय होतीच.

लोकांनी सरकारकडे मदत मागितली. 1972 साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली कार्य सुरू झाले. ते स्वतः डॉक्टर होते. पण केवळ दवाखाने वाढवून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. डॉक्टर एका रोग्याला बरे करतो, तोवर तेच अन्न खाऊन दुसरे दहा जण आजारी पडतात. म्हणून अन्नच बदलायला हवे होते.

महिला मंडळांनी गावोगावी भाज्यांचे पदार्थ करून दाखवले. कारखान्यांनी पदार्थांतील चरबी व मीठ कमी केले. शाळेच्या मोफत जेवणातही बदल झाला. लोण्यात वनस्पती तेल मिसळून विकण्यास पूर्वी बंदी होती. तो कायदा बदलला. 1993 साली जास्त मीठ असलेल्या पदार्थांवर तशी सूचना छापणे सक्तीचे झाले.

हे सारे सहज घडले नाही. लोणी खपले नाही, तर गवळ्यांनी काय खावे? त्यांचा विरोध रास्त होता. तेव्हा सरकारने त्यांना स्ट्रॉबेरीसारखी फळे पिकवण्यास साहाय्य केले. लोकांचे आरोग्य सांभाळताना कोणाची भाकरी हिरावली जाऊ नये, हा यातील मोठा धडा आहे.

सुमारे 40 वर्षांत तेथील कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक कमी झाले.

आपल्या देशातही असे पाऊल पडले आहे. तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवताना ट्रान्स फॅट नावाची घातक चरबी तयार होऊ शकते. तेलातुपात ती 2 टक्क्यांहून अधिक नसावी, असा नियम 2022 साली लागू झाला. नानखटाई घेणाऱ्या मुलाला त्यात कोणते तूप आहे, हे कसे कळणार? त्याच्या वतीने कायद्याने ते पाहायचे असते.

मित्रांनो, आपली जीभ आपण सांभाळावी, हे खरेच. पण बाजारात चांगले अन्न स्वस्त मिळाले, तर पथ्य पाळणे सर्वांना सोपे जाते.

शब्दार्थ
ऐन उमेदीत – भर तारुण्यात
रास्त – योग्य
हिरावणे – काढून घेणे
घातक – नुकसान करणारे

स्वाध्याय
1. उत्तर कारेलियातील लोकांचा आहार कसा होता?
2. गवळ्यांनी विरोध का केला? त्यावर कोणता उपाय झाला?
3. तुमच्या शाळेजवळ मिळणाऱ्या पदार्थांविषयी कोणता नियम असावा, ते पाच वाक्यांत लिहा.