कुंडीतील मोसंबी का सुकते?

व्यापारी व कारागीर बांधवांनो, दुकानाच्या दाराशी एखादे फळझाड असावे, अशी पुष्कळांना हौस असते. मुलाने धाराशिव शहरात कापडाचे दुकान काढले, तेव्हा आम्हीही मोसंबीची दोन कलमे कुंड्यांत लावली. आपला जिल्हा पाण्याला तरसणारा. म्हणून नोकराला ताकीद दिली, सकाळ-संध्याकाळ पाणी चुकवू नकोस. भर पावसाळ्यातही ते चालू राहिले. पाने पिवळी पडली, तेव्हा आम्ही खत घातले आणि पाणी वाढवले. एक कलम पंधरा दिवसांत गेले. दोष नोकराचा नव्हता, हुकूम आमचाच होता.

दुसऱ्याच्या बुंध्यातून डिंक येऊ लागला. एका बागाईतदार गिऱ्हाइकाने पाहताच सांगितले, हा डिंक्या रोग. फायटोप्थोरा ही बुरशी ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत वाढते आणि मुळे व बुंध्याची साल कुजवते. मुळे कुजली की माती ओली असूनही झाड तहानलेले राहते, आणि मालक आणखी पाणी ओततो! ओल्या फरशीवरचा कापडाचा गठ्ठा आतून बुरसतो, तसेच हे.

आम्ही केलेला इलाज असा:

१) पाणी बंद करून कुंडी पागोळीखालून हलवली.

२) कलम बाहेर काढले. काळी, लिबलिबीत मुळे स्वच्छ कात्रीने कापली. जुनी माती फेकून दिली. कुंडीचे भोक चिखलाने बुजले होते, ते मोकळे केले.

३) नुसती काळी माती न घेता तीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळले. डोळा भरलेली जागा मातीच्या बरीच वर ठेवली. ती गाडली गेली तर रोगाला वाट मिळते.

४) बुंध्याची कुजलेली साल खरवडून बोर्डो मलम लावले. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या निरनिराळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करावा. लोखंडी भांडे वापरू नये. लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना थोडा वाढवावा. मलम त्याच दिवशी वापरावे. रंगारी बांधवांना मोरचूद ठाऊक आहेच; ते विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवावे.

५) मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेब यांचे मिश्र औषध वेष्टनावरील प्रमाणात मुळाशी ओतले. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी त्याच वेळी घालू नये, औषधाने तीही मरते.

दोन महिन्यांनी नवी पालवी आली. आता बोट दोन पेरे मातीत घालून पाहतो. कोरडे लागले तरच पाणी.

प्रत्येक पिवळे पान बुरशीचे नसते. पण माती ओली आणि पान मलूल, असे दिसले की आधी मुळे पाहावीत. ताग्याची नुसती वरची घडी पाहून आपण माल घेत नाही. कलम घेतानाही पिशवी सोडवून मुळे पांढरी व घट्ट आहेत का, ते पाहावे. मग पैसा आणि झाड दोन्ही वाचतात.