केमोचा थकवा आणि चिनी मुळ्यांचं सूप

प्रश्न: पत्नीची स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू आहे. तिसऱ्या सायकलनंतर जिना चढतानाही ती मध्येच बसते. शेजारच्या चिनी आजी हुआंग-ची आणि जिनसेंग या मुळ्यांचं सूप द्यायला सांगतात. झाडपाल्यानं अपाय तर होणार नाही ना?
– एक वाचक, सिंगापूर

उत्तर: आजींचा सल्ला अगदीच हवेतला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ३६४ कर्करुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना अमेरिकन जिनसेंग दिलं, रोज २,००० मिलिग्रॅम. चार आठवड्यांनी म्हणावा तसा फरक नव्हता. आठव्या आठवड्यात थकवा उतरलेला दिसला. पण त्या मोजूनमापून भरलेल्या कॅप्सूल होत्या, पातेल्यातलं सूप नव्हे.

झाडपाला म्हणजे निर्धोक, हा मात्र गैरसमज. १९९०च्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या औषधात एका चिनी मुळीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कामातून गेली. जिनसेंगमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम कमी होऊ शकतो. काही केमो औषधांशीही वनौषधींचं जमत नाही.

आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि झोप तपासून घ्या. थकव्यावर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो हलक्या व्यायामाचा: झेपेल तेवढं, पण रोज चालणं. सूप द्यायचंच असेल तर तुमच्याकडच्या नोंदणीकृत चिनी वैद्याकडून मुळ्यांची नावं लिहून घ्या आणि तो कागद कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. केमो चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर मात्र थेट रुग्णालय गाठा.