ईसीजी नॉर्मल आहे, मग त्रास कसला?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या अंजनवेलसारख्या गावात मनाचा आजार दवाखान्यात येतो तो शरीराच्या तक्रारी घेऊन. बाई सासूबरोबर येते. डोकं जड होतं, हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं, अन्नावर वासना नाही, एवढंच सांगते. ईसीजी नॉर्मल निघतो, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन थोडं कमी. लोहाच्या गोळ्या घेऊन ती घरी जाते आणि पंधरवड्याने पुन्हा त्याच रांगेत उभी राहते. नवरा मुंबईला किंवा बोटीवर, पदरात दोन मुलं, आणि रोज पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. हे तिला कुणी विचारलेलंच नसतं, आणि सासूसमोर ती आपणहून सांगणार नाही.

तपासण्या नॉर्मल आल्या आणि तरी त्रास दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, तर 'मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय' असं बेलाशक सांगावं. नैराश्यात आणि चिंतेच्या आजारात ही धडधड, हा थकवा अगदी खरा असतो. 'रिपोर्टमध्ये काही नाही, उगाच नाटकं करते' हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडी येता कामा नये. ते एकदा ऐकलेला माणूस पुढची कित्येक वर्षं गप्प बसतो.

अशा गप्प बसलेल्यांची संख्या मोठी आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. तेव्हा प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना उपचारांची गरज असलेला मानसिक आजार आढळला. त्यांतले ७० ते ९२ टक्के, आजाराच्या प्रकारानुसार, उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. कोकणात याला अंतराचं कारण आहेच. अंजनवेलहून रत्नागिरी गाठायची तर रस्त्याने मोठा वळसा पडतो, नाहीतर तवसाळ-जयगडची फेरीबोट धरावी लागते. त्याहून मोठा अडसर लाजेचा. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. राज्यातल्या मोजक्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. आणि जिल्ह्यात त्याची ओळख काय, तर 'ह्याला रत्नागिरीला न्या रे' ही थट्टा. ज्याच्या घरात आजार आहे त्याला ती थट्टा चारचौघांत ऐकावी लागते, आणि तो मग बाह्यरुग्ण विभागाच्या दारातही पाऊल टाकत नाही. ही थट्टा बंद झाली पाहिजे.

उघडपणे बोलल्याने काय होतं, याचं मराठी घरातलंच उदाहरण आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. वाणींनी ते लपवलं नाही. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ साली आला, त्यामागेही वाणींचं पाठबळ होतं. कोकणातल्या एका घरातला, स्किझोफ्रेनिया झालेला शेष आणि त्याला सांभाळताना दमून जाणारी बहीण पडद्यावर पाहून अनेक कुटुंबांना आपल्याच घरातला आजार ओळखता आला. रुग्णाइतकीच सांभाळणाऱ्यालाही विश्रांतीची आणि मोकळं होण्याची गरज असते, हे त्या चित्रपटाने फार नेमकं दाखवलं.

आघाताचं दुखणं थोडं वेगळं. वाशिष्ठी अंजनवेलपाशी समुद्राला मिळते. तीच नदी २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या घरांत शिरली. चिखल निघाला, भिंतींना रंग लागला. पण अशा पुरातून वाचलेला एखादा माणूस पुढच्या पावसाळ्यातही पत्र्यावर सर वाजली की उठून बसतो, कागदपत्रांची पिशवी उशाशी ठेवतो, नदीकडचा रस्ता टाळतो, क्षुल्लक कारणाने पोरांवर खेकसतो. घटना डोळ्यांपुढे पुन्हा घडणं, तिची आठवण देणारं सगळं टाळणं आणि सतत सावध, दचकलेलं राहणं, ही तिन्ही लक्षणं महिन्याहून अधिक टिकली तर तो आघातानंतरचा आजार असू शकतो. त्यावर समुपदेशनाच्या खास पद्धती आहेत, गरज पडल्यास औषधंही आहेत.

आघात दरवेळी निसर्गच करतो असंही नाही. अंजनवेलच्या वीज प्रकल्पाला विरोध सुरू असताना ३ जून १९९७ च्या पहाटे शेजारच्या वेलदूरमध्ये पोलीस शिरले, बायकांना मारहाण आणि अटक झाली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने आणि ह्यूमन राइट्स वॉचने त्याची नोंद केली. खटले, जामीन, भरपाई यांची चर्चा होते. त्यानंतर झोप लागते का, हे विचारायला मात्र सहसा कुणी जात नाही. वीस-पंचवीस वर्षांनीही ते विचारायला उशीर झालेला नसतो.

विचारायचं कसं? 'काय झालं ते सगळं सांग' असा आग्रह नको. ताज्या आघातानंतर माणसाला एका बैठकीत सगळं ओकायला लावू नये, असंच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्याला आधी सुरक्षित जागा, जेवण, आपली माणसं आणि कुठे मदत मिळेल याची माहिती हवी असते. बहुतेक जण एवढ्या आधारावर काही आठवड्यांत सावरतात. इतर वेळी दिसतं तेवढंच बोलावं: 'दादा, हल्ली तू जेवत नाहीस, रात्री पडवीत बसून असतोस. काय होतंय?' मग थांबावं. सल्ला, गीतेतला श्लोक, 'आमच्या वेळी' हे सगळं नंतर.

'जगू नये असं मनात येतं का?' हा प्रश्नही विचारावा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कलमांवर फवारायचं औषध पडवीतल्या फळीवर असेल तर ते कुलपात जाऊ दे, किल्ली दुसऱ्याकडे राहू दे. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या कमालीच्या घटल्या. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो, आणि तेवढा वेळ विष हाताशी नसलं तर जीव वाचतो. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे. त्याला शिक्षेऐवजी उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं असेल तर खुशाल घाला, मनाला बळ येतं. मात्र भगताने सांगितलं म्हणून गोळ्या थांबवू नका, आणि मारहाण, उपाशी ठेवणं, साखळीने बांधणं तर कदापि नको.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते आणि गुण दिसत नाही, म्हणून बरेच जण तिथेच सोडून देतात. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. या गोळ्यांची सवय लागत नाही. सवय लागते ती दुकानातून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची आणि झोप यावी म्हणून घेतलेल्या दारूची.

दवाखाना लांब असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त पुरतील एवढ्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाइलमध्ये काढलेला फोटो बरोबर ठेवावा. सणाच्या जागरणात झोप मोडते, डोस चुकतो, आणि बरा झालेला आजार उलटतो तो अनेकदा याच दिवसांत. पालखी रात्रभर नाचवायची असली तरी रात्रीची गोळी वेळेवर घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झोप भरून काढावी.