नाणेघाटाची वाट

आमचा एक दोस्त मुरबाड तालुक्यात राहतो. नाणेघाटाच्या पायथ्याला वैशाखरे गाव आहे. त्याच्या जवळच्या वाडीत त्याचे घर. वीटभट्टीवर आम्ही दोन हंगाम एकत्र काम केले. तेव्हा आम्ही सगळेच अंगठेबहाद्दर. उचल किती घेतली, विटा किती पाडल्या, सारे मालकाच्या वहीत. हंगाम सरला की अंगठा उठवायचा आणि कर्ज डोक्यावर घेऊन घरी यायचे.

पौषात त्याचे कार्ड आले. त्याने स्वतः लिहिलेले! अक्षर वाकडे होते. पण ते आम्हीच वाचले, कोणाकडून वाचून घेतले नाही. "घरी या. आयेने बोलावले आहे."

आम्ही तिघे शहापूरहून निघालो. किन्हवली, सरळगाव, टोकावडे. दर गावाची पाटी वाचत गेलो. पूर्वी कंडक्टरला चार वेळा विचारायचो, मग तो खेकसायचा.

घरी वैनीने पाय धुवायला पाणी दिले. रात्री तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुकटीची चटणी. पोट भरले तरी आये वाढतच होती.

पहाटे घाट चढलो. आधी रान, मग दगडी पायऱ्या. चांगलीच दमछाक झाली. माथ्यावर मोठा सुळका आहे, त्याला नानाचा अंगठा म्हणतात. दोस्त हसला. "आपण अंगठा सोडला, डोंगरानं नाही सोडला!"

ही वाट दोन हजार वर्षांची जुनी. तेव्हा सातवाहन राजांचे राज्य होते. कल्याण, सोपारा या बंदरांत गलबते लागत. तिथला माल या वाटेने जुन्नरकडे जाई. माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे लोक सांगतात.

जवळच गुहा आहे. तिच्या भिंतींवर लेख कोरला आहे. आम्ही वाचायला पुढे झालो, तर एक अक्षर लागेना! मग गुरुजींचे बोलणे आठवले. ही ब्राह्मी लिपी. आपली अक्षरे तिच्यातूनच बदलत बदलत आली. राणी नागनिकेने केलेल्या यज्ञांची आणि दानाची ती नोंद आहे. हजारो गायी, घोडे, हत्ती, नाणी, सारे मोजून लिहिले आहे. त्यात आकडेही आहेत. एकाला एक आडवी रेघ, दोनाला दोन रेघा. शून्य मात्र नाही. दहाला, शंभराला, हजाराला वेगळी खूण. आम्ही एक आणि दोन शोधत भिंतीपाशी किती वेळ उभे होतो, कोण जाणे.

संध्याकाळी आयेने विचारले, "काय लिवलंय रे तिथं?" लहानपणी ती गुरे घेऊन त्या गुहेपर्यंत जायची. आम्ही गायींचे सांगितले.

"आन् त्या गायी राखल्या कोनी? त्याचं नाव हाय का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. गुरुजींनी तसे कोणाचे नाव सांगितले नव्हते.

"नाही, आये."

"वाटलंच मला," आये म्हणाली, आणि वालाची पुरचुंडी बांधायला लागली.