न घडलेल्या कथांचे पुढे काय होते?

दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकेचा अभ्यास करताना आपण प्रक्षेपित झालेल्या भागांचाच विचार करतो. परंतु प्रत्येक मालिकेमागे लिहून बाजूला पडलेल्या कथांचाही ढीग असतो. कथा कच्ची होती म्हणूनच ती टाकली गेली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो कितपत खरा आहे, हे काही उदाहरणांवरून तपासून पाहू.

बीबीसीची 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. १९७९ मध्ये डग्लस अ‍ॅडम्स यांनी तिच्यासाठी 'शाडा' ही सहा भागांची कथा लिहिली. केंब्रिजमधील चित्रीकरण आटोपले, स्टुडिओतील कामही सुरू झाले. तोच कर्मचाऱ्यांचा संप झाला व कथा अर्धवट राहिली. दोष लेखणीचा नव्हता. पुढे १९८७ च्या एका कादंबरीत अ‍ॅडम्स यांनी तिच्यातील वृद्ध प्राध्यापकाला पुन्हा उभे केले. याच मालिकेसाठी सुचलेली त्यांची आणखी एक कल्पना नाकारली गेली होती. धुळीच्या ढगामुळे ज्यांना कधी तारे दिसलेच नाहीत, असे लोक प्रथमच विश्व पाहतात आणि ते नष्ट करण्याचा निश्चय करतात! १९८२ मध्ये तिचीही कादंबरी झाली. नायक बदलले, गाभा तोच राहिला.

अमेरिकेत १९७७ मध्ये 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका योजून संहिताही लिहवून घेतल्या गेल्या. नंतर बेत रद्द झाला. प्रारंभीच्या भागासाठी लिहिलेल्या कथेवरून १९७९ चा चित्रपट निघाला. 'द चाइल्ड' ही संहिता मात्र पडून होती. १९८८ मध्ये लेखकांचा संप झाला, तेव्हा तीच काढून, पात्रे बदलून, पुढील मालिकेत वापरण्यात आली.

आपल्याकडे सत्यजित राय यांची 'द एलियन' ही चित्रपटसंहिता १९६७ ची. बंगालमधील खेड्याच्या तळ्यात परग्रहावरचे यान उतरते, ही तिची कल्पना. हॉलिवूडशी बोलणी होऊनही चित्रपट झाला नाही. तरीही आज आपण तिची चर्चा करू शकतो, कारण ती लिहिलेली होती.

या सर्व उदाहरणांतील समान धागा हाच आहे. पैसा, संप, बदललेले धोरण यांनी चित्रीकरण थांबते. कागदावर पूर्ण उतरलेली कथा थांबत नाही. याउलट केवळ बोलण्यात राहिलेली कल्पना बोलणाऱ्याबरोबरच जाते.

मराठी लेखकाला तर महागड्या स्टुडिओची वाट पाहण्याचे कारणच नव्हते. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. तिला पहिले पारितोषिक मिळाले. नाव मोठे नव्हते, पडदाही नव्हता. होती ती फक्त लिहिलेली कथा.

नागपुरात एकांकिका लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थी मित्रांनी यावरून एक साधी सवय लावून घ्यावी. नेपथ्य परवडत नाही म्हणून विज्ञानकल्पना मनातच सोडून देऊ नये. तिचे वैज्ञानिक गृहीतक एका वाक्यात मांडावे, त्यामुळे कोणत्या माणसाचे आयुष्य बदलते ते लिहावे, शेवटापर्यंत कथानक न्यावे, तारीख घालावी आणि वही जपून ठेवावी. यान रंगमंचावर उतरवता आले नाही, तर ते पाहणारा माणूस उभा करता येतो.