नोकरीकडून व्यवसायाकडे : हिंजवडी परिसर आणि सौंदर्यसेवेचे प्रशिक्षण

पुणे शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात वसलेले हिंजवडी हे गाव एकेकाळी शेतीवर जगणारे होते. गेल्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारण्यास प्रारंभ केला आणि हिंजवडी, माण, मारुंजी या गावांचे रूप पालटले. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आणि परप्रांतांतूनही तरुण-तरुणी येथे नोकरीसाठी आले. नियमित वेतन, वातानुकूलित कचेरी आणि घरापर्यंत पोचविणारे वाहन ही या नोकऱ्यांची ओळख बनली.

परंतु वेतन मिळते म्हणून समाधान मिळतेच असे नाही. दिवसभर पडद्यावरील आकडे तपासणे, ठराविक उत्तरे ठराविक शब्दांत देणे, आपल्या कामाचा शेवट कोठे होतो हे कधीच दृष्टीस न पडणे, यामुळे काहींच्या मनास मरगळ येते. अशा वेळी हाताच्या कौशल्याचे आणि माणसांशी प्रत्यक्ष संबंध येणारे एखादे काम खुणावू लागते. सौंदर्यसेवा, म्हणजे केशकर्तन, केशरचना, त्वचेची निगा आणि रंगभूषा, हे त्यांपैकी एक होय. नोकरी सोडून या व्यवसायाचे शिक्षण घ्यावे काय, असा प्रश्न घेऊन एखादी तरुणी शिक्षकाकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायतीच्या सदस्याकडे आल्यास तिला कोणता सल्ला द्यावा, याचा विचार येथे केला आहे.

असमाधानाचे मूळ शोधावे

पहिला प्रश्न व्यवसायाचा नसून असमाधानाचा आहे. ते तीन प्रकारचे असू शकते. काही वेळा त्रास माणसांचा असतो. वरिष्ठ किंवा सहकारी यांच्याशी पटत नाही. काही वेळा तो वेळेचा असतो. रात्रपाळी, लांबचा प्रवास आणि अपुरी झोप यांनी प्रकृती खालावते. तिसऱ्या प्रकारात मात्र कामच मनास भावत नाही. पहिल्या दोहोंवर दुसरी नोकरी हा उपाय असू शकतो. व्यवसाय बदलण्याचा विचार तिसऱ्या प्रकारातच सयुक्तिक ठरतो.

वेळेच्या त्रासाला कंटाळून या व्यवसायाकडे वळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इतरांची सुट्टी हाच येथे गर्दीचा दिवस असतो. नववधूच्या रंगभूषेसाठी पहाटे घर सोडावे लागते. गौरी-गणपती, दिवाळी आणि लग्नसराई या दिवसांत उसंत मिळत नाही, तर पितृपंधरवड्यात आणि चातुर्मासातील लग्नांवाचूनच्या महिन्यांत उत्पन्न ओसरते. दिवसाचे कित्येक तास उभे राहावे लागत असल्याने पाय, कंबर व मनगटे यांवर ताण पडतो. म्हणून राजीनामा देण्यापूर्वी काही महिने सुट्टीच्या दिवशी एखाद्या चांगल्या केंद्रात मदतनीस म्हणून काम करून पाहणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा धडा होय.

प्रतिष्ठेचा प्रश्न

घरातून होणारा विरोध बहुधा पैशापेक्षा प्रतिष्ठेच्या कल्पनेतून येतो. शिकून-सवरून दुसऱ्याचे केस कापावयाचे काय, असे विचारले जाते. या प्रश्नामागे जातीवर आधारलेल्या कामाच्या उच्चनीचतेची जुनी कल्पना दडलेली आहे. ज्या कारागिरांना समाजाने कमी लेखले, त्यांनी महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मोठे नैतिक धैर्य दाखविले आहे, याचा येथे विसर पडू नये. १८९० मध्ये सत्यशोधक चळवळीतील कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी सभा भरविली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. आपल्या हातून स्त्रीची विटंबना होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या मिळकतीवर पाणी सोडले. या हस्तकौशल्याला असा वारसा आहे.

दुसरा अडथळा स्त्रियांच्या वाटेवर या व्यवसायातच उभा होता. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकार म्हणून काम करावयाचे तर संबंधित संघटनेचे सभासदत्व लागे, आणि ते केवळ पुरुषांना मिळे. स्त्रियांना केशरचनाकार म्हणूनच प्रवेश होता. परदेशात रंगभूषेचे शिक्षण घेतलेल्या चारू खुराना यांनी ही अट सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठाने निर्णय दिला. स्त्री आहे म्हणून काम नाकारणे, तसेच महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट घालणे, हे राज्यघटनेशी विसंगत असल्याचे न्यायालयाने ठरविले. समानतेचा, कोणताही व्यवसाय करण्याचा आणि सन्मानाने उपजीविका करण्याचा हक्क हा या निर्णयाचा पाया होता. गावातील शिक्षकाने आपल्या विद्यार्थिनींना हा निर्णय अवश्य सांगावा.

शिक्षण कोठे व कसे

भारतात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या योजनेखाली सौंदर्यप्रसाधन विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. त्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. किमान वय १४ वर्षे आहे. कमाल वयाची मर्यादा नसल्याने काही वर्षे नोकरी केलेल्या व्यक्तीसही हा मार्ग खुला राहतो. हिंजवडीहून जवळ औंध येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. कोणत्या वर्षी कोणत्या संस्थेत या अभ्यासक्रमाच्या जागा आहेत, हे त्या वर्षीच्या प्रवेश माहितीपुस्तिकेत पाहावे.

ग्रामीण युवकांसाठी बँकांच्या साहाय्याने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था हा दुसरा मार्ग होय. तेथील प्रशिक्षण विनामूल्य असून त्यात ब्युटी पार्लर चालविण्याच्या सुमारे एक महिन्याच्या वर्गाचा समावेश असतो. तिसरा मार्ग जन शिक्षण संस्थानांचा आहे. त्यांचे मूळ महाराष्ट्रातच आहे. मुंबईत वरळी येथे १९६७ मध्ये पहिले श्रमिक विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच कल्पनेतून पुढे देशभर अशी संस्थाने उभी राहिली.

खाजगी वर्ग पुष्कळ आहेत. त्यांपैकी काही उत्तम आहेत, तर काही केवळ चौकटीत लावण्याजोगे प्रमाणपत्र देतात. राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा २०१३ मध्ये अधिसूचित झाला असून त्यानुसार अभ्यासक्रमांचे स्तर ठरलेले आहेत. शुल्क भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रम कोणत्या स्तराचा आहे आणि त्यास मान्यता कोणाची आहे? प्रत्यक्ष माणसांवर सराव किती तास होतो? एका शिक्षिकेमागे विद्यार्थिनी किती असतात? मागील तुकडीतील विद्यार्थिनी आज कोठे काम करीत आहेत? शेवटच्या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नसेल तर तेथे पैसे गुंतवू नयेत.

कौशल्याइतकीच सुरक्षितता

हा व्यवसाय माणसाच्या त्वचेशी आणि डोळ्यांशी निगडित आहे. त्यामुळे त्यातील शिक्षणाचा गाभा स्वच्छता हा असला पाहिजे. दूषित पात्यातून व सुईतून कावीळ-ब सारखा रोग पसरू शकतो. प्रत्येक ग्राहकासाठी नवे पाते वापरावे. धातूची हत्यारे प्रथम साबणाने धुऊन मगच निर्जंतुक करावीत, कारण मळ चिकटलेल्या हत्यारावर औषधाचा पूर्ण परिणाम होत नाही. वाफेच्या दाबपात्रात १२१ अंश सेल्सिअस तापमानास १५ मिनिटे ठेवणे ही निर्जंतुकीकरणाची प्रमाण रीत आहे.

केसांच्या अनेक कलपांत पॅरा-फिनिलिन डायअमिन नावाचे द्रव्य असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होऊन चेहरा सुजतो. म्हणून कलप लावण्यापूर्वी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी. पापण्यांना व भुवयांना असा कलप कधीही लावू नये. केस सरळ करणाऱ्या काही रसायनांतून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. त्याचा अपाय ग्राहकापेक्षा रोज तेथे काम करणाऱ्या स्त्रीला अधिक होतो. त्यामुळे खोलीत हवा खेळती असणे आवश्यक आहे. गोरेपणाचे आश्वासन देणाऱ्या, लेबल नसलेल्या मलमांत पारा असू शकतो आणि त्याने मूत्रपिंडास इजा होते. अशी मलमे केंद्रात ठेवूच नयेत. सौंदर्यप्रसाधनांसाठी १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम लागू आहेत. जिच्या त्वचेवर रोगाची चिन्हे दिसतील तिला डॉक्टरांकडे पाठविणे हे उत्तम कारागिराचे लक्षण होय.

हिशेबाचा धडा

उत्साहाने उघडलेली अनेक दुकाने हिशेबाअभावी बंद पडतात. हिशेब कसा मांडावा हे समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. दरमहा जागेचे भाडे १०,००० रुपये, मदतनीस स्त्रीचे वेतन १४,००० रुपये, वीज व पाणी ३,००० रुपये आणि कर्जाचा हप्ता ३,००० रुपये धरला, तर ३०,००० रुपये स्थिर खर्च होतो. एका ग्राहकाकडून सरासरी ४०० रुपये मिळतात आणि त्यासाठी १०० रुपयांचे साहित्य लागते, असे धरल्यास ३०० रुपये उरतात. म्हणजे केवळ स्थिर खर्च भागविण्यास महिन्याला १०० ग्राहक हवेत. स्वतःच्या घरासाठी २०,००० रुपये हवे असतील तर ही संख्या १६७ वर जाते. महिन्यात २५ दिवस काम केल्यास रोज सुमारे ७ ग्राहक झाले. तेवढे ग्राहक त्या रस्त्यावर येतात काय, हे जागा घेण्यापूर्वी आठवडाभर तेथे उभे राहून पाहावे. आकडे प्रत्येकीचे वेगळे असतील. रीत मात्र हीच राहील.

नोकरी सोडताना काय गमावले जाते, याचीही नोंद करावी. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण होण्यास थोडाच अवधी उरला असेल तर उपदानाचा हक्क मिळेपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरते. संघटित क्षेत्रातील पात्र स्त्रीस २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. स्वतःच्या व्यवसायात ती कोणी देत नाही. मालकाकडून मिळणारे आरोग्य विम्याचे संरक्षणही संपते. म्हणून किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस ठेवावा, स्वतःचा विमा उतरवावा, आणि भविष्य निर्वाह निधीला हात लावून यंत्रसामग्री घेण्याचा मोह टाळावा.

भांडवलासाठी काही योजना आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, तर किशोर गटात ५ लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय करण्यात आली. २००८ पासूनच्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायाच्या प्रकल्पाची मर्यादा २०२२ मध्ये २० लाख रुपये करण्यात आली, आणि स्त्रियांना शहरी भागात २५ टक्के व ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. अटी वेळोवेळी बदलत असल्याने जिल्हा उद्योग केंद्रात प्रत्यक्ष चौकशी करावी. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती विनामूल्य आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

मधला मार्ग

नोकरी आणि स्वतःचे दुकान या दोन टोकांमध्ये एक पायरी आहे, ती म्हणजे उमेदवारी. प्रशिक्षणानंतर एक-दोन वर्षे दुसऱ्याच्या केंद्रात काम केल्याने हात बसतो, ग्राहकांची पारख येते आणि चुकांची किंमत स्वतःच्या भांडवलातून मोजावी लागत नाही. या काळात वेतन पूर्वीच्या नोकरीपेक्षा कमी असते, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगावे. कचेरीत घालविलेली वर्षेही वाया जात नाहीत. वेळ पाळणे, नोंदी ठेवणे, रागावलेल्या ग्राहकाशी शांतपणे बोलणे आणि संगणकावर हिशेब मांडणे या सवयी नव्या व्यवसायात मोलाच्या ठरतात.

पंचायतींचे कर्तव्य

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. तिच्यातून अनेक ठिकाणी ब्युटी पार्लरचे वर्ग भरविले जातात. हेतू चांगला असला तरी पंधरा दिवसांत चाळीस जणींना प्रमाणपत्रे वाटून छायाचित्र काढले की काम संपले, असे होऊ नये. त्याऐवजी खरी आवड असलेल्या पाच जणींची निवड करून त्यांना वर्षभराचे मान्यताप्राप्त शिक्षण, प्रवासाचा खर्च आणि पुढे उमेदवारीची जागा मिळवून दिली, तर तोच पैसा सत्कारणी लागेल. एका वर्षानंतर त्यांपैकी किती जणी कमावत्या झाल्या, याची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी.

हिंजवडीच्या उंच इमारतींत काम करणाऱ्या प्रत्येकीने नोकरी सोडावी, असे या विवेचनातून कोणी समजू नये. अनेकींना त्या नोकरीनेच घर उभे करून दिले आहे. परंतु जिचे मन तेथे रमत नाही आणि जिच्या हातात कला आहे, तिला केवळ लोकलज्जेपोटी अडवून ठेवणे अन्यायाचे आहे, आणि पूर्वतयारीवाचून तिला पुढे ढकलणे हेही तितकेच अन्यायाचे आहे. हिशेब मांडून, शिक्षण घेऊन आणि डोळे उघडे ठेवून टाकलेल्या पावलामागे गावाने उभे राहावे. मग ती परत येऊन गावातच आपली पाटी लावील आणि आणखी दोघींना काम देईल.