मधाची साखर-तपासणी : द्रावकाची शुद्धता व यंत्राची मांडणी

चामोर्शी व आसपासच्या वनप्रदेशात आग्या माश्यांचा मध गोळा केला जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध हे गौण वनोपज ठरविले असून, ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क पात्र वननिवासींना दिला आहे. मात्र विक्रीच्या वेळी मधात साखरपाक मिसळल्याचा संशय आला, तर भाव पडतो. अशा वेळी प्रयोगशाळेचा दाखला उपयोगी पडतो. परंतु तपासणी काटेकोर नसेल, तर चोख मधावरही ठपका येतो.

साधारण मधात उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, शेकडा ५ पेक्षा अधिक नसावी, असे मानक आहे. लिक्विड क्रोमॅटोग्राफी यंत्रात मधातील निरनिराळ्या साखरा एका बारीक नळीतून वेगळ्या होऊन बाहेर पडतात. साखर अतिनील प्रकाश फारसा शोषीत नाही. म्हणून प्रकाश विखुरण्यावर चालणारा मापक वापरतात. त्यात वायूच्या झोताने द्रवाचे तुषार होतात, तापलेल्या नळीत द्रावक उडून जातो आणि उरलेले साखरेचे कण प्रकाश विखुरतात. त्या प्रकाशावरून साखरेचे प्रमाण काढतात.

विहिरीचे पाणी तव्यावर आटविले असता पांढरा थर मागे राहतो. द्रावकात असा क्षार असेल, तर त्याचेही कण प्रकाश विखुरतात व यंत्र खोटी नोंद दाखविते. यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१. पाणी व ॲसिटोनायट्राइल हे द्रावक अतिशुद्ध असावेत. न उडणारे फॉस्फेटसारखे क्षार मुळीच वापरू नयेत.

२. दोन्ही द्रावक वेगवेगळे मोजून मग मिसळावेत, कारण मिसळल्यावर आकारमान घटते. मिश्रण ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे, त्यातील विरघळलेली हवा काढावी व बाटली झाकून ठेवावी.

३. नळीचे तापमान कमी पडल्यास द्रावक पुरता उडत नाही व नोंदीची रेषा थरथरते. वायू कमी सोडल्यास थेंब मोठे होऊन संकेत वाढतो. परंतु थेंब नीट सुकत नाहीत. दोन्हींची मांडणी थोडी थोडी बदलून, संकेत स्पष्ट व थरथर कमी असेल तेथे स्थिर करावी.

४. प्रथम नुसता द्रावक चालवून पाहावा. साखर दुप्पट झाली तरी संकेत दुप्पटच होतो असे नाही. म्हणून ज्ञात तीव्रतेची किमान पाच द्रावणे चालवून आलेख काढावा. मर्यादेजवळचे एक द्रावण त्यांत असावे.

५. यंत्रातून निघणारी वाफ विषारी असते. ती नळीने बाहेर सोडावी.

ग्रामसेवकांनी नमुना न तापविता स्वच्छ, कोरड्या काचेच्या दोन बाटल्यांत भरून मोहोरबंद करावा व त्यांवर गाव व तारीख लिहावी. एक बाटली प्रयोगशाळेकडे पाठवावी व दुसरी फेरतपासणीसाठी राखावी. कच्च्या मधातही सुक्रोज अधिक आढळू शकते, तर काही पाक या चाचणीतून निसटतात. तेव्हा एकाच आकड्यावरून कोणासही दोषी ठरवू नये. इतर चाचण्यांची जोड द्यावी.